मैत्रीवरचा हिवाळा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझा मुलगा अंटार्क्टिकावर एक वर्ष राहून आला, एवढ्याच भांडवलावर आपण मला येथे उभे केले आहे. तेव्हा त्याने फोनवरून आणि पुढे घरी बसून जे सांगितले, तेच सांगते.

तिकडचे आपल्या देशाचे पहिले ठाणे 'दक्षिण गंगोत्री'. ते बर्फावरच बांधलेले, त्यामुळे हळूहळू बर्फाखाली गेले. म्हणून १९८९ साली 'मैत्री' हे ठाणे खडकाळ जमिनीवर, खांबांवर उभारले. माझा मुलगा तेथे जनित्रांचा मेकॅनिक. २०१७ च्या नोव्हेंबरात केपटाऊनहून विमानाने गेला.

मार्च सरला की पुढे कित्येक महिने तेथे ना बोट, ना विमान. मेअखेरीपासून सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. वीस-बावीस माणसे एका छपराखाली. कोणी हवामानाची नोंद ठेवतो, कोणी भूकंपमापक पाहतो. पण जनित्र थांबले तर सगळ्यांचेच थांबले. खोल्यांची ऊब जाते, आणि प्रियदर्शिनी तळ्यातून येणारे पाणी नळातच गोठते. मोठे भय मात्र आगीचे. मला हसू आले, एवढ्या बर्फात आग कसली? पण हवा कोरडी आणि वारा सुसाट.

आता आपल्या जिव्हाळ्याचे सांगते. तेथे स्वयंपाकी असतो, पण भांडी आणि केरवारा पाळीपाळीने सर्वांनी करावयाचा, मग तो शास्त्रज्ञ असो की डॉक्टर. ज्या मुलाने माझ्या घरी कधी पेला विसळला नाही, तो फोनवर म्हणे, "आई, या तेलकट कढया संपतच नाहीत गं!" मी म्हटले, "हे मला सांगतोस?" भाज्या गोठवलेल्या, दूध भुकटीचे. त्याचे दही लागेना, तर कोमट पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेव, हेही मीच सांगितले. कचरा तेथे टाकावयाचा नाही. बांधून परत आणावयाचा.

२०१८ च्या जूनमध्ये माझ्या सासूबाई वारल्या. मी नोकरीवर जात असे. मुलाला त्यांनीच वाढवले. यजमान म्हणाले, "सांगू नकोस. येता तर येणार नाही, त्या काळोखात कुढत बसेल." मी ऐकले. नऊ दिवस मी खोटे बोलले. आजी निजली आहे, आजी देवळात गेली आहे. दहाव्या दिवशी त्याने विचारले, "आई, आजी आहे ना?" मला बोलवेना. तोही बराच वेळ गप्प. मग एवढेच म्हणाला, "पहिल्याच दिवशी सांगायचे होतेस."

त्या रात्री भांड्यांची पाळी त्याचीच होती. सोबती म्हणाले, आम्ही करतो; याने दिली नाही. स्वयंपाकी परमुलखाचा, त्याची भाषा वेगळी. त्याने आपण होऊन तेराव्या दिवशी तांदळाची खीर केली आणि सर्वांनी एकत्र बसून खाल्ली. हे मला मुलाने सांगितले नाही. त्याच्याबरोबरचा एक गृहस्थ पुढे घरी आला होता, त्याच्याकडून कळले.

डिसेंबरात मुलगा परतला. दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. बूट काढून तो सरळ सासूबाईंच्या खोलीत गेला आणि त्यांच्या खाटेवर बसला. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले, आणि तेथेच थांबले.