विमानाला हात लावण्याआधी

(रेडिओवरील भाषण)

हवाई दलात वैमानिक म्हणून निवड झाली, पेढे वाटून झाले, पोरगं दुंडिगलच्या अकादमीत पोचलं, की घरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, बसलास का विमानात?" तिकडून उत्तर येतं, "नाही गं आई, आज दिवसभर पलंगावर चादर घालायला शिकवलं." आईच्या पोटात गोळा येतो. याला काढून तर टाकलं नाही ना? काढून टाकलेलं नसतं. प्रशिक्षण सुरू झालेलं असतं.

मी हवाई दलात उड्डाण-प्रशिक्षक होतो. नवख्या कॅडेटला शेजारी बसवून पहिल्यांदा वर न्यायचं, हे माझं काम. आज बोलायचंय ते त्याच्या अलीकडच्या दिवसांबद्दल, म्हणजे अकादमीच्या फाटकातून आत गेल्यापासून पहिल्या सॉर्टीपर्यंतच्या, म्हणजे पहिल्या उड्डाणापर्यंतच्या, काळाबद्दल. निवड कशी होते यावर क्लासवाले तासन् तास बोलतात. एकट्यानं विमान उडवल्याच्या, म्हणजे सोलोच्या, गोष्टी आम्ही म्हातारे मेसमध्ये पुन्हा पुन्हा सांगतो. मधल्या या आठवड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझं मत विचाराल तर विमानावर हात बसणार की नाही, याचा निम्माअधिक निकाल तिथेच लागलेला असतो.

दुंडिगल हैदराबादजवळ आहे. १९६७ साली तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांनी तिथे कोनशिला बसवली आणि १९७१ मध्ये हवाई दल अकादमी सुरू झाली. तिथे येणारी मुलं दोन वाटांनी येतात. काही खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं काढून आलेली असतात. बाकीची पदवी घेऊन सीडीएस, ॲफकॅट या परीक्षा देऊन किंवा एनसीसीच्या वाटेनं येतात. पदवीधरांना उड्डाणाआधी लष्करी वळण लावणारं वेगळं सत्र असतं, कारण त्यातला एखादा काल-परवापर्यंत पुण्याच्या खोलीवर रात्री दोनला झोपून सकाळी दहाला उठत असतो. एनडीएच्या पोरांना फॉलिन म्हणजे रांगेत उभं राहणं, पीटी, परेड, रगडा म्हणजे घाम काढणारी शिक्षा, यातलं काहीच नवं नसतं. उभ्या उभ्याही झोपतील. पण त्यांचं दुखणं वेगळं. खडकवासल्याला ते सर्वांत वरच्या टर्मचे सिनिअर झालेले असतात, आणि इथे पुन्हा तळाला यावं लागतं. ते पचायला थोडे दिवस लागतात. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ सालची, देशातली पहिली. तिथली मुलं तर दहाव्या-अकराव्या वर्षापासून घराबाहेर. ती लवकर रुळतात, आणि कधी कधी जरा जास्तच निवांत होतात.

आता त्या चादरीकडे येतो. चादरीची घडी सरळ नसली म्हणून विमान पडत नाही, हे प्रशिक्षकालाही कळतं. पण कॉकपिटमध्ये एकाच वेळी काय काय चालू असतं ते बघा. वेग सांभाळायचा, उंची सांभाळायची, दिशा धरायची. कानात कंट्रोल टॉवर बोलतोय, त्याला ठरावीक शब्दांत उत्तर द्यायचं. बाहेर दुसरं विमान दिसतंय का, घारी दिसताहेत का, ते बघायचं. आणि या सगळ्यावर प्रशिक्षकाचं अखंड निरूपण. जमिनीवर माणसाचं जेवढं डोकं चालतं त्याच्या निम्मं हवेत चालतं, असं आम्ही म्हणायचो. उरलेल्या निम्म्यात काय बसवायचं हा खरा प्रश्न आहे. जे जे सवयीवर टाकता येईल ते जमिनीवरच टाकायचं, म्हणजे वर गेल्यावर डोकं विमानासाठी मोकळं राहतं. वस्तू ठरलेल्या जागी ठेवणं, सांगितलेल्या क्रमानं करणं, अंधारात हात घातला तरी बरोबर वस्तू हातात येणं, याचा सराव लॉकरपासून सुरू होतो.

मग येतात चेक्स. इंजिन सुरू करण्याआधी, धावपट्टीवर जाण्याआधी, उड्डाणाआधी, उतरण्याआधी काय काय तपासायचं, त्या याद्या. आणि आणीबाणीत करायच्या गोष्टी. त्या 'आठवल्या' पाहिजेत असं नाही, त्या तोंडून बाहेर पडल्या पाहिजेत. सतरा चोक अडुसष्ट म्हणताना आपण गुणाकार करत नाही, तसं. उड्डाण केल्यावर लगेच इंजिन बंद पडलं तर? नाक खाली, वेग राखायचा, समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरायचं, मागे वळून धावपट्टी गाठायला जायचं नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी हेच उत्तर यायला हवं. आणि आम्ही खरोखरच जेवणाच्या रांगेत, बसमध्ये, बूट पॉलिश करताना विचारायचो.

रात्री बॅरेकमधून फेरी मारली तर एक मजेशीर दृश्य दिसायचं. पोरगा लाकडी खुर्चीवर ताठ बसलेला. समोर भिंतीला कॉकपिटचा कागदी तक्ता चिकटवलेला. उजव्या हातात झाडूचा तुटका दांडा, ती त्याची स्टिक. डाव्या हाताखाली टेबलाच्या कडेला पट्टी, ती थ्रॉटल. पायांत रबरी चपला, त्या रडरच्या पेडलवर असल्यासारख्या पुढेमागे. डोळे मिटलेले. तोंडानं आर/टी, म्हणजे टॉवरशी रेडिओवरचं बोलणं, चालू, टॉवरचा आवाजही तोच काढणार. डावा हात पुढे गेला की उजवा पाय हळूच दाबला जातो, कारण इंजिनाची ताकद वाढली की पंख्याच्या फिरण्यामुळे विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. हा पाय खुर्चीत आपोआप दाबला जायला लागला, की मी मनात त्याच्या नावापुढे खूण करायचो. याला चेअर फ्लाइंग म्हणतात. याला पेट्रोल लागत नाही, आणि शंभर वेळा पडलात तरी कपाळाला टेंगूळ येत नाही.

माझ्या वेळी प्राथमिक प्रशिक्षणाचं विमान होतं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं 'दीपक'. त्यात प्रशिक्षक आणि कॅडेट शेजारी-शेजारी बसत. कॅडेटला माझा चेहरा दिसायचा, आणि चेहऱ्यावरून त्याला बरंच काही कळायचं! २००९ साली एका अपघातानंतर 'दीपक' जमिनीवर बसवलं गेलं आणि २०१३ पासून स्विस बनावटीचं पिलाटस आलं. पिलाटसमध्ये प्रशिक्षक मागे बसतो. पुढच्याला फक्त आवाज ऐकू येतो. शिवाय 'दीपक'ची चाकं खालीच असायची, पिलाटसची आत ओढून घेता येतात. म्हणजे उतरण्याआधी ती पुन्हा खाली काढली का, तिन्ही हिरवे दिवे लागले का, हा एक चेक वाढला. नवं विमान उत्तम आहे, पण त्यामुळे पाठांतर कमी झालं असं कुणी समजू नये.

शरीराची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण घरच्यांचे गैरसमज इथेच जास्त. वैद्यकीय तपासणीत उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडी ६४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, बसल्यावरची उंचीही मोजतात, हे ऐकून मात्र लोक चकित होतात. पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत, डोकं काचेच्या झाकणाला लागता कामा नये, आणि लढाऊ विमानातून आसनासकट बाहेर फेकलं जायची वेळ आली तर गुडघे समोरच्या पॅनलवर आपटता कामा नयेत, असा तो हिशेब आहे. १९३२ साली हवाई दल स्थापन झालं तेव्हा पहिल्या तुकडीतले जे. एन. टंडन यांना उंची कमी पडली म्हणून वैमानिकीवर पाणी सोडावं लागलं होतं. ते रसद-पुरवठ्याच्या कामात गेले.

मापं निसर्गानं दिलेली असतात. झोप आणि पोट मात्र आपल्या हातात. पहाटेची हवा थंड आणि शांत असते, म्हणून उड्डाण लवकर सुरू होतं. रात्री जागणाऱ्याला हे गणित जमवायला काही आठवडे लागतात आणि ते आठवडे पहिल्या सॉर्टीआधीच खर्ची घातलेले बरे. दुसरं म्हणजे उलटी. आपल्या कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतल्या द्रवामुळे आपण वळतोय की थांबलोय ते मेंदूला कळतं. विमान वळतं, डोळे आत कॉकपिटवर खिळलेले असतात, कान एक सांगतो आणि डोळे दुसरंच. मग पोट ढवळतं. यात लाजण्यासारखं काही नाही, काही सॉर्टींत बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं. पण "उलटी होईल" या भीतीनं नाश्ता टाळून येणारे महाभाग दर कोर्सला निघतात. रिकाम्या पोटी त्रास वाढतोच.

आणि सर्दी. माझ्यासारख्यांचा सगळ्यात मोठा शत्रू कुठला, असं विचाराल तर मी सांगेन, पोरांनी लपवलेली सर्दी. नाक चोंदलं की घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी बारीक नळीही बंद होते. वर जाताना कानातली हवा कशीबशी बाहेर पडते, खाली येताना मात्र आत शिरायला वाट मिळत नाही. पडदा आत ओढला जातो आणि अशी कळ येते की धावपट्टी समोर असून दिसत नाही. एवढं असूनही पोरं सर्दी लपवतात. का? तर एक सॉर्टी बुडेल, कोर्समेट पुढे जातील. त्यावर वरताण म्हणजे घरून आलेली औषधांची पुडी. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झोप येते, आणि आकाशात पेंगणं परवडत नाही. वैमानिकानं हवाई दलाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय साधी गोळीसुद्धा घ्यायची नसते. तेव्हा मातोश्रींनो, तुळशीचा काढा घरी द्या, ट्रंकेतून गोळ्या पाठवू नका.

अलीकडे एक नवा प्रकार वाढला आहे. मुलं घरी संगणकावर विमान 'उडवून' आलेली असतात. यंत्रांची नावं तोंडपाठ, शब्द अचूक. कौतुकच आहे. पण संगणकाच्या पडद्यावर सगळी माहिती मापकांच्या घड्याळांमध्ये असते, त्यामुळे नजर आत रुतून बसते. खऱ्या विमानात क्षितिजाकडे बघून उडवायला शिकायचं असतं, घड्याळाकडे अधूनमधून फक्त नजर टाकायची. ही खोड सोडवायला कोऱ्या मुलापेक्षा जास्त वेळ लागतो. ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवणं सोपं, हे गाण्याचे गुरुजीही सांगतील.

मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीला बिचकतात. घाबरू नका. आर/टीचं इंग्रजी म्हणजे ठरलेल्या वाक्यांचा लहानसा साठा आहे, साहित्य नव्हे. छत्रपती संभाजीनगरची शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलांना याच रस्त्याला लावते आहे, आणि आता नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था झाली आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तऱ्याचे विवेक राम चौधरी हवाई दलप्रमुख झाले. मुलींचंही तेच. १९९४ मध्ये महिला वैमानिक आल्या, २०१६ साली दुंडिगलच्याच परेडमधून पहिल्या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या, २०२० मध्ये नागपूरच्या अंतरा मेहता. चादर, चेक्स आणि सर्दी सगळ्यांना सारखीच.

जुलैत आलेल्यांना पाऊस भेटतो. ढग खाली उतरले की उड्डाण रद्द. सगळे क्रू रूममध्ये तोंड पाडून बसतात. फळ्यावर नाव लागलेलं असतं, ओव्हरॉल चढवलेला असतो, आणि हवामान अधिकारी नुसती मान हलवतो. मी अशा दिवसांची वाट बघायचो. कोण गप्पा छाटत बसतो आणि कोण कोपऱ्यात डोळे मिटून हात हलवत बसतो, ते अशाच दिवशी कळतं. पुढे यांतले काही बिदरला हॉक जेट विमानांवर जातात, काही हकीमपेटला हेलिकॉप्टरवर, काही येलहंक्याला मालवाहू विमानांवर. काहींचं उड्डाण मध्येच थांबवलं जातं, त्यांतले काही दुसऱ्या शाखेत चांगले अधिकारी होतात. त्यात घराण्याची अब्रू वगैरे काही जात नाही, हे आई-वडिलांनी आधीच मनाशी ठरवलेलं बरं.

आणखी एक, पैशाचं. प्रशिक्षणात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं हे कळल्यावर काका-मामा लगेच मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता मांडून देतात, मावशी स्थळं बघायला लागते. प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही, हा नियमच आहे. मावशीला तेवढं सांगून टाका. हप्त्याची काळजी घेऊन विमानात बसलेलं पोरगं मला लगेच ओळखू यायचं.

ट्रंकेत काय द्यावं, असं लोक विचारतात. अकादमी यादी पाठवते, तीच पाळा. वर दोन चांगली कुलपं, सुईदोरा, काळं पॉलिश, आणि घड्याळ असं द्या की ज्याचे आकडे अंधारात वाचता येतील. लाडवांचा डबा द्यायचाच असेल तर मोठा द्या. पहिल्या रात्रीच कोर्समेट तो रिकामा करतात, आणि रिकामा डबा पॉलिशचं सामान ठेवायला बरा पडतो.