वादळ आणि झाडांचा शेजार
(ट्रस्टच्या महोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



 शिक्षक म्हटला की तो उपदेश करणार, असा समज आहे. आज मात्र आमच्याच एका चुकीची हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी मेच्या सुटीत वस्तीतील बारा-चौदा मुले घेऊन आम्ही असीरगड पाहावयास गेलो. गड उतरून पायथ्याच्या रानात आलो, तोच पश्चिमेकडून आभाळ काळवंडले आणि धुळीचा लोट उठला. एका मोकळ्या केलेल्या जागेत पानांनी भरलेला एकच मोह उभा होता. आम्ही मुलांना त्याखाली गोळा केले. इतक्यात गुरे हाकीत आलेला एक बारेला म्हातारा ओरडला, "मास्तरजी, पोरांना बाहेर काढा!" पदवीधर आम्ही, पण हुकूम त्याचा ऐकला. मुले सखल जागी दूरदूर उकिडवी बसली. थोड्याच वेळात मोहाची मोठी फांदी, मुले उभी होती तिथेच आदळली. अल्लाहची मेहेरबानी, कोणास खरचटलेसुद्धा नाही.

घरी आल्यावर विचार करू लागलो. वळवाचे वादळ कसे होते, हे आम्ही वर्गात नेहमी शिकवतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, ढग उभे राहतात. पावसाचे थेंब वाटेतच सुकू लागले की भोवतालची हवा गार व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चोहीकडे पसरते. तोच तो सोसाट्याचा वारा. हे सारे पाठ होते; परंतु कोणते झाड धोक्याचे, हे म्हाताऱ्याला ठाऊक होते.

दाट रानात झाडे एकमेकांच्या आडोशाने वाढतात. साग मेमध्ये निष्पर्ण असतो, त्यामुळे वारा त्याच्यातून निघून जातो. पण अवतीभवतीची झाडे तोडून एकच राखले, तर ज्या वाऱ्याची त्याच्या मुळांना सवय नाही तो सारा एकट्याने झेलावा लागतो. २०२२-२३ मध्ये नेपानगरकडील जंगलात झालेली बेकायदा तोड आपणांस आठवत असेल. उरलेल्या झाडांचा आडोसाही तेव्हाच गेला.

आपल्या केळीचेही तेच. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे. पानांच्या देठांची ती एकावर एक गुंडाळी, तीही पाण्याने भरलेली. वर घडाचे ओझे. पाने फाटून काही वारा सोडून देतात, तरी मोठ्या वादळात वर्षभराची मेहनत घटकाभरात आडवी होते. म्हणून जाणते शेतकरी बागेभोवती शेवरीची दाट रांग लावतात. वारा अडत नाही, पण मोडतो.

या ट्रस्टचे काम आम्हांस त्या शेवरीसारखे वाटते. ज्या घरावरचे पत्रे उडाले त्या घरी आपली माणसे जाऊन उभी राहिलेली आम्ही पाहिली आहेत. परंतु ती मदत वादळानंतरची. या महोत्सवाच्या निमित्ताने आमची एवढीच विनंती आहे की, यापुढे दरवर्षी चैत्रातच वस्तीतील कच्ची छपरे पाहून घ्यावीत, विधवा व वृद्धांच्या घरांचे पत्रे तारेने आवळून द्यावेत, घरांवर आलेल्या वाळक्या फांद्या उतरवाव्यात, आणि पावसाळ्यात मोकळ्या जागी झाडे लावावीत. एकेकटी नव्हे, तर जथ्याने. मुलांना शिकवण्याचे काम आमचे. आभाळ भरून आले की झाडाखाली उभे राहू नका, हा धडा आता आम्ही पुस्तकाआधी सांगतो.

त्या म्हाताऱ्याचे नाव आम्ही त्या गडबडीत विचारले नाही. ते ऋण आजही आमच्यावर आहे. ते फेडण्याचा हा एक मार्ग, असे समजून आपण ही विनंती मान्य करावी.