मॉडेल विमानाच्या पेट्रोल इंजिनाची निगा

मॉडेल विमानावर बसवले जाणारे पेट्रोल इंजिन साधारण 10 सीसीपासून 200 सीसीपर्यंतचे असते. बहुतेक इंजिने टू-स्ट्रोक, एक किंवा दोन सिलिंडरची आणि हवेवर थंड होणारी असतात. वंगणासाठी त्यांत वेगळी सोय नसते, तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ठिणगी देणारा प्लग, त्याला वीज पुरवणारे इग्निशन आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर, एवढाच त्याचा संसार. भाग थोडे, त्यामुळे बिघाडाच्या जागाही थोड्या. तरीही मैदानावर इंजिन रुसले की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या सुईकडे जातो, आणि खरे कारण बहुधा दुसरीकडेच असते: शिळे पेट्रोल, कडक झालेला डायफ्राम, सांध्यातून शिरणारी हवा, उतरलेली बॅटरी. या गोष्टी क्रमाने ठीक ठेवाव्यात आणि सुईला सर्वांत शेवटी हात लावावा, हा या विषयातला पहिला आणि महत्त्वाचा नियम.

हौशी लोकांना विकत घेता येईल असे मॉडेल इंजिन प्रथम आले तेच मुळी ठिणगीवर चालणारे होते. 1930च्या दशकात अमेरिकेत बिल ब्राऊनने बनवलेले सुमारे 10 सीसीचे ‘ब्राऊन ज्युनियर’ हे त्यातले सर्वांत गाजलेले. 1947मध्ये रे आर्डेनचा ग्लो प्लग बाजारात आला. त्याच्या प्लॅटिनमयुक्त तारेमुळे मिथेनॉलचे इंधन ठिणगीवाचून पेटत राहते. बॅटरी आणि कॉइलचे ओझे उतरले आणि पुढे कित्येक वर्षे ग्लो इंजिनांचेच राज्य राहिले. पेट्रोल परत आले ते लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीच्या वाटेने. मोठ्या आकाराची मॉडेले बनवणाऱ्यांनी 1970च्या दशकापासून करवतीची आणि गवत कापण्याच्या यंत्रांची इंजिने विमानावर चढवली. आज डेझर्ट एअरक्राफ्ट, डीएलई यांची इंजिने खास विमानासाठीच आखलेली असतात, पण कार्ब्युरेटर मात्र त्याच घराण्यातला राहिला आहे. कोकणातल्या बागेत फिरणाऱ्या ग्रासकटरचा कार्ब्युरेटर ज्याने उघडून साफ केला आहे, त्याला या इंजिनाचे अर्धे काम येते.

पेट्रोलचा मोठा लाभ खर्चातला. एक किलो मिथेनॉल जळायला सुमारे 6.4 किलो हवा लागते, एक किलो पेट्रोलला 14.7 किलो. सिलिंडरमध्ये येणारी हवा तेवढीच असल्याने मिथेनॉल वजनाने दुपटीहून अधिक जळते. शिवाय ते महाग, आणि त्यात तेलाचे प्रमाणही बरेच जास्त. त्यामुळे मॉडेल मोठे होत गेले की ग्लो इंजिन परवडेनासे होते.

इंधन हा या इंजिनाच्या आरोग्याचा पाया आहे आणि सध्या भारतात त्याचीच सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता सर्वत्र 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. 2025मध्ये देशाने हे उद्दिष्ट गाठले. लहान टू-स्ट्रोक इंजिनांच्या सूचनापुस्तिका मात्र बहुधा 10 टक्क्यांची मर्यादा घालतात. इथेनॉलचे तीन परिणाम लक्षात घ्यावे लागतात. त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या पेट्रोलवर बसवलेली सुई नव्या पेट्रोलवर इंधन कमी देते. काही प्रकारचे रबर त्याने फुगते किंवा ताठरते, आणि डायफ्राम हा तर या इंजिनाचा सर्वांत नाजूक भाग. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून डब्याच्या तळाशी वेगळा थर बनतो. टाकीतल्या नळीचे वजनदार टोक तळाशीच असते. ते नेमका हाच थर ओढते, आणि त्यात वंगणाचे तेल जवळजवळ नसतेच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, हे घरीच पाहता येते. काचेच्या मापात 100 मिलिलिटर पेट्रोल आणि 10 मिलिलिटर पाणी घालून, बूच लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर जितका वाढतो तितके इथेनॉल त्यात होते, हे डोळ्यांनी दिसते. याच पद्धतीने सगळे पेट्रोल ‘धुऊन’ वापरण्याची कल्पना काहींना सुचते. ती टाळावी. इथेनॉल गेले की ऑक्टेनही उतरते आणि पाण्याचा अंश मागे राहतो. त्यापेक्षा एका-दोन दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल घ्यावे, ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात सावलीत ठेवावे आणि उरलेले गाडीच्या टाकीत ओतून मोकळे व्हावे, कारण एवढे थोडे तेल गाडीला जाणवत नाही.

तेलाचे प्रमाण निर्मात्याने सांगितलेलेच ठेवावे. 30 ला 1 म्हणजे लिटरला सुमारे 33 मिलिलिटर, 40 ला 1 म्हणजे 25 मिलिलिटर. चेतक किंवा लुना चालवलेल्या पिढीला पंपावरचे टू-टी ऑइल आठवत असेल. मॉडेल इंजिनाला मात्र हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचे, जासो एफसी किंवा एफडी दर्जाचे तेल हवे. बोटीच्या इंजिनाचे तेल कमी तापमानासाठी असते, ते येथे चालत नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटते: तेल वाढवले की त्याच सुईतून पेट्रोल तितकेच कमी जाते. म्हणून प्रमाण बदलले की सुई पुन्हा पाहावी लागते.

ग्लो इंजिनावर वापरली जाणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते आणि विमान हवेत असताना सुटते. टायगॉन किंवा निओप्रिनची नळी वापरावी, टाकीचे रबरी बूचही पेट्रोलला टिकणारे घ्यावे. प्रत्येक जोडावर बारीक तार किंवा क्लिप असावी.

आता कार्ब्युरेटर. टाकीतून पेट्रोल ओढण्यासाठी या इंजिनाला वेगळा पंप नसतो. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमधला दाब सतत कमी-जास्त होतो. एका बारीक छिद्रातून हा दाब पंपाच्या डायफ्रामवर पोचतो आणि तो पातळ पडदा धडधडत पेट्रोल ओढत राहतो. तेथून पेट्रोल बारीक जाळीतून गाळून एका छोट्या झडपेपाशी येते. झडप उघडझाप करते ती लेव्हर, आणि लेव्हरला हलवतो दुसरा, मापाचा डायफ्राम. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. आतले पेट्रोल संपत आले की बाहेरचा दाब पडद्याला ढकलतो आणि झडप उघडते. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट येथे नसल्यामुळे विमान उलटे होवो की सरळ वर चढो, पुरवठा खंडत नाही. ही रचना फार देखणी आहे आणि ती नीट समजलेल्या माणसाला अर्ध्याहून अधिक बिघाड तर्काने सापडतात.

उदाहरणार्थ, मापाच्या डायफ्रामच्या झाकणाला एक लहान छिद्र असते. काउलिंगच्या आत पंख्याचा वारा त्या छिद्रावर आदळला की बाहेरचा दाब बदलतो आणि मिश्रणही. जमिनीवर गोड चालणारे इंजिन हवेत वेग घेताच बिघडत असेल, तर सुई फिरवण्याआधी हे छिद्र तपासावे. झाकणावर एक बारीक नळी जोडून तिचे टोक विमानाच्या धडात, शांत हवेत नेले की दोष जातो.

दुसरा लपलेला चोर म्हणजे सांध्यातून शिरणारी हवा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले गॅसकेट फाटले किंवा स्क्रू सैल झाले की हवा मोजमापाबाहेर आत येते. मंद वेगावर इंजिन एका ठिकाणी स्थिरावत नाही, कधी आपोआप रेस वाढवते, आणि सुई कितीही फिरवली तरी उत्तर सापडत नाही. येथे उपाय नवे गॅसकेट हाच.

प्लग बहुधा एनजीकेचा सीएम-6, 10 मिलिमीटर आट्याचा. त्याची फट सुमारे 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवतात. पंख्याच्या बुशीवर बसवलेले चुंबक हॉल सेन्सरसमोरून गेले की इलेक्ट्रॉनिक इग्निशनला पिस्टनची जागा कळते. वेगात ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या सुमारे 28 अंश आधी पडते. इग्निशनची बॅटरी रिसीव्हरच्या बॅटरीहून वेगळी ठेवावी, दोघांच्या तारा एकमेकींपासून दूर न्याव्यात, आणि थ्रॉटलची काडी धातूची नसावी, कारण इग्निशनचा विद्युत गोंगाट तारेवाटे रिसीव्हरपर्यंत पोचतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओमुळे हा त्रास कमी झाला, संपलेला नाही. बॅटरी उतरली की कमी वेगावर इंजिन ठीक चालते आणि भरवेगात ठेचकाळते. हे लक्षण पेट्रोल कमी पडण्यासारखेच दिसते, म्हणून व्होल्टमीटर आधी लावावा.

डीएलई-55 या लोकप्रिय इंजिनाचा बोअर 45 आणि स्ट्रोक 35 मिलिमीटर. त्याला 22 इंच व्यासाचा, 8 इंच पिचचा पंखा चालतो. मिनिटाला 7000 फेऱ्यांना त्या पंख्याचे टोक ताशी सुमारे 740 किलोमीटर वेगाने फिरते. हा आकडा डोळ्यांसमोर असला की पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. लाकडी पंखा हवेतल्या ओलाव्याने फुगतो-आक्रसतो, त्यामुळे त्याचे बोल्ट पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा आवळावे लागतात. नवा पंखा तोलून घ्यावा. असंतुलित पंख्याची थरथर आधी सायलेन्सरचे बोल्ट सैल करते, मग विमानाचा सांगाडा.

महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेच्या उन्हात थंडाव्याकडे दुर्लक्ष परवडत नाही. काउलिंगला पुढे मोठे तोंड पाडल्याने इंजिन थंड होत नाही. आत आलेली हवा सिलिंडरच्या पंखांमधूनच जावी म्हणून आत पडद्या लावाव्या लागतात, आणि गरम हवा बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेच्या दुप्पट ते तिप्पट हवी. जमिनीवर उभ्या विमानाचे इंजिन फार वेळ भरवेगात ठेवू नये.

सुरू करताना विमानाची शेपटी मदतनिसाने धरलेली किंवा दोराने बांधलेली असावी आणि हातात जाड मोजा असावा. चोक बंद करून, इग्निशन चालू करून, थ्रॉटल किंचित उघडून पंखा झटक्याने फिरवला की काही वेळाने इंजिन एकदा ‘फट्’ करून थांबते. मग चोक उघडावा आणि पुन्हा फिरवावे, ते चालू होते. ती ‘फट्’ ऐकल्यावरही चोक बंदच राहिला तर आत पेट्रोल तुंबते आणि प्लग ओला होतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालू असताना पंख्याला नुसता हात लागून तो हलला तरी ठिणगी पडू शकते. म्हणून इंजिन सुरू करायचे नसेल तेव्हा पंख्याला हात लावण्याआधी इग्निशनचा दिवा बंद आहे हे पाहावे.

नव्या इंजिनात रिंग आणि सिलिंडर एकमेकांना बसेपर्यंत काही लिटर पेट्रोल जाते. या काळात बरेच जाणकार खनिज तेल वापरतात. अती चिकण सिंथेटिक तेलाने रिंग बसायला उशीर होतो. वेग सतत बदलता ठेवावा आणि मिश्रण थोडे जाड राखावे. मग सुया.

कार्ब्युरेटरला दोन सुया असतात, मंद वेगाची एल आणि भरवेगाची एच. दोन्ही अलगद बंद करून साधारण दीड फेरा उघडल्या की सुरुवातीला पुरते. इंजिन तापल्यावर आधी एल. थ्रॉटल एकदम उघडल्यावर इंजिन दचकून बंद पडले तर पेट्रोल कमी, गुरगुरत धूर काढत वर गेले तर जास्त. मग भरवेगात एच. फेऱ्या सर्वांत वाढतील तिथपर्यंत सुई बंद करत न्यावी आणि तिथून दोन-तीनशे फेऱ्या उतरतील इतकी परत उघडावी. भरवेगात दोन्ही सुयांतून पेट्रोल येते, म्हणून एच लावल्यावर एल पुन्हा पाहावी लागते. सुई एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाएवढीच फिरवावी, आणि तीही पंख्याच्या मागे उभे राहून. विमानाचे नाक वर धरून भरवेग तपासावा. तिथे आवाज खचला तर हवेत तो नक्की खचेल. काही उड्डाणांनंतर प्लग काढून पाहिला तर टोकाचा रंग फिकट तपकिरी असावा. पांढरा रंग धोक्याचा, काळा आणि ओला रंग तेवढा घातक नसला तरी ताकद खाणारा.

नियमित देखभालीत उड्डाणाच्या दिवशी सर्व बोल्ट हाताने तपासावेत, विशेषतः सायलेन्सरचे. हंगामात एकदा तरी कार्ब्युरेटर उघडून जाळी धुवावी. डायफ्राम लवचीक आहे का, हे तो प्रकाशात धरून पाहावे. कडक किंवा सुरकुतलेला डायफ्राम जपून ठेवण्यात अर्थ नाही, दुरुस्तीचे किट स्वस्त असते. कार्ब्युरेटरचे मॉडेल जुळत असेल तर ग्रासकटरच्या दुकानातही ते मिळू शकते. सायलेन्सर काढल्यावर एक्झॉस्टच्या छिद्रातून पिस्टनची भिंत दिसते. तिच्यावर उभे ओरखडे असतील तर इंजिन कधीतरी कमी पेट्रोलवर किंवा अती उष्णतेत चालले आहे, आणि त्याचे मूळ शोधल्याशिवाय नवा पिस्टन बसवू नये.

पावसाळ्यात उड्डाणे थांबतात, आणि इंजिनांचे सर्वाधिक नुकसान या चार महिन्यांतच होते. टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इथेनॉल साचून राहत नाही. प्लगच्या जागेतून तेलाचे चार थेंब टाकून पंखा हाताने काही वेळा फिरवावा, पिस्टन वर ठेवावा म्हणजे एक्झॉस्ट बंद राहते, आणि कार्ब्युरेटरचे तोंड झाकावे. बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवाव्यात. महिन्यातून एकदा पंखा फिरवून पाहावा. आत करकर जाणवली तर बेअरिंगला गंज लागला आहे, आणि तसे बेअरिंग दसऱ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाआधीच बदलून घ्यावे.