पदर उलटून पाहा

पैठणी घेताना आपल्या घरातल्या बायका आधी काय करतात? पदर उलटतात. हातमागाची असेल, तर नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाची असेल, तर मागे सुट्या धाग्यांचं जाळं असतं. लेबल नंतर. जुन्या सह्या, कार्डं, बॅटी जमवणारी तरुण मंडळी मात्र आधी लेबलच वाचतात. त्यांच्यासाठी हे बोलणं.

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डं मिळायची. त्यातलं होनस वॅग्नरचं एक कार्ड १९९१ मध्ये कार्डं तपासून गुण देणाऱ्या पीएसए या कंपनीनं तपासलं. या कंपनीनं गुण दिलेलं ते पहिलंच कार्ड. दहापैकी आठ गुण देऊन ते प्लास्टिकच्या डबीत बंद झालं. २००७ मध्ये त्याला २८ लाख डॉलर मिळाले. आणि २०१३ मध्ये, एकेकाळी ते कार्ड ज्याच्याकडे होतं, त्या बिल मास्ट्रोनं शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं, की त्याच्या कडा त्यानंच छाटल्या होत्या.

नीट ऐका, कार्ड खोटं नव्हतं. अस्सलच होतं! पैठणी खरी, पण विरलेले काठ कापून नव्यासारखी केलेली. छाटलेल्या कार्डाला आकडी गुण द्यायचेच नाहीत, असा या धंद्याचा नियम. तरी आठ मिळाले.

म्हणजे प्रश्न तीन आहेत. वस्तू खरी आहे का? मूळ रूपात आहे का? कितपत जपलेली आहे? कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्राचं मधोमध असणं हे सगळं पाहून एक आकडा देतात, आणि आपण त्या एका आकड्यात तिन्ही उत्तरं वाचतो. शिवाय तपासणीची फी कोण भरतं? वस्तू पाठवणारा. हे तपासणारे नकोत, असं मी म्हणत नाही. खोट्या सह्यांच्या बाजारात ते हवेतच. पण वस्तू कुठून आली, हे आकडा सांगत नाही.

तुमच्या आजोबांकडे मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या क्रिकेट कसोटीचं तिकीट असेल, सह्यांची बॅट असेल, तर आज रात्रीच त्यांच्याजवळ बसा. कुणी दिली, कधी, कुठे, सगळं त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. ते अक्षर नंतर कुठल्याही कंपनीकडून मिळणार नाही. आणि विकत घेताना, पुन्हा सांगतो, आकडा नंतर वाचा. आधी पदर उलटा.