तबकडीतली गंधर्व मंडळी



गेल्या उन्हाळ्यात वाशीमच्या घरी जुने कपाट आवरताना बालगंधर्वांच्या नाट्यपदांची एक संकलित तबकडी हाती आली. पूर्वी ही पदे सुट्या तबकड्यांवर निघत. एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे तीच पदे एकत्र करून मोठ्या तबकडीवर काढली गेली. लहानपणी ती वाजू लागली की मी अंगणात पळे. आजोबा मात्र शेवटपर्यंत ऐकत आणि म्हणत, “बाप्पा, हे तं नुसतं टरफल हाये. दाना थेटरातच राह्यला!” आजोबांनी तरुणपणी मंडळीचा ‘एकच प्याला’ पाहिला होता.

तो दाणा कोणता? १९१३ साली नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले, १९१९ साली ‘एकच प्याला’. पुढे बोलपट आले, कर्ज होतेच; १९३५ च्या सुमारास मूळ मंडळीचा संसार मोडला.

थिएटरात ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा नव्या अंगाने फुले. तबकडीवर गाणाऱ्याच्या मानेवर घड्याळ बसलेले! तरीही लक्ष देऊन ऐका. एवढ्या घाईतही शब्द कुठे मोडत नाही. भरजरी शालूंसाठी नावाजलेला हा नट सिंधूच्या भूमिकेत फाटके लुगडे नेसून उभा राही. तसेच त्याचे गाणे. दुःख मोठ्याने सांगत नाही, म्हणून ते अधिक लागते.

माझी तक्रार एकच. वेष्टनावर नाव एका गायकाचे. मंडळी म्हणजे का एकटा माणूस? ‘स्वयंवरा’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचा, पण त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. ही माणसे वेष्टनावर नसली, तरी त्यांच्याविना ते गाणे उभे राहिले नसते.

आता वाटते, आजोबांचे म्हणणे निम्मे खरे होते. टरफल हाती असले, तर आत कोणता दाणा होता हे तरी विचारता येते. पण विचारायचे कोणाला? आजोबा होते तोवर मी अंगणात पळालो. ते नाटक कोणत्या गावी पाहिले, कोणाबरोबर गेले, कोणत्या पदाला रडले, यातले काहीच मी विचारले नाही.

म्हणून रिसोड-मालेगावकडच्या गुरुजींना माझी विनंती आहे. वर्गात असे एखादे पद जरूर ऐकवा. मग मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे धाडा. आपल्या गावच्या दंडारीत कोण नाचे, भजनात मृदंग कोणाच्या हाती होता, ते विचारून नावे वहीत उतरून घ्यायला सांगा. गंधर्व मंडळीची निदान तबकडी उरली. आपल्या गावच्या मंडळींची तेवढीही नाही. ती अजून ओसरीवर बसलेल्या माणसांच्या आठवणीतच आहेत.