वारंवार येणारा ताप आणि रक्ताची तपासणी



आम्ही वैद्य नव्हे, मास्तर. तरीही आजारावर बोलण्याचे धार्ष्ट्य करीत आहो, त्यास कारण एक जुना हजेरीपट. वाशीच्या शाळेत आमच्या वर्गातील एक मुलगा दोन महिन्यांत सहा वेळा तापाने घरी राहिला. कधी घसा, कधी गळू, कधी तोंड आलेले. आम्ही त्यास कामचुकार ठरवून बाकावर उभे केले! पुढे साध्या रक्ततपासणीवरून शंका आली व रक्ताचा कर्करोग निष्पन्न झाला.

लहान मुलास वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे विपरीत नव्हे. तेवढ्याने घाबरू नये. परंतु संसर्ग औषधाने हटत नाही, हटला तरी उलटतो, जोडीला चेहरा फिका पडतो, अंगावर निळे डाग उमटतात, असे दिसताच डॉक्टरांकडून रक्तातील पेशींची गणना करवून घ्यावी. प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात सामान्यतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्या फार घटल्या की शरीर उघडे पडते. रक्ताच्या कर्करोगात त्या कधी लाखावर जातात, पण ती सारी खोगीरभरती. लढणारे शिपाई थोडेच.

उपचारास दूर जावयास नको. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली देशातील पहिले अस्थिमज्जारोपण झाले; तो विभाग २००७ मध्ये आपल्या खारघरास आला. अशा रुग्णास लागणारे बिंबाणू साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणून दाते सतत हवे असतात. त्या मुलासाठी आठ दाते धावले. त्यांत आपल्या ज्ञातीचे दोनच होते.

मुलगा बरा झाला. भेटला की वाकून नमस्कार करतो. बाकाची गोष्ट त्याने अद्याप काढलेली नाही.