डॉक्टरकीची वाट अकरावीच्या दारातून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. कॉलेजवर काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण ज्याला ठेच लागली त्यानेच मागच्यांना दगड दाखवावा, म्हणून उभी राहिले.

माझ्या थोरल्या मुलीला डॉक्टर व्हायचे होते. अकरावीला आम्ही कॉलेज निवडले, ते एस.टी. दारात थांबते एवढे पाहून. सायन्स म्हणजे सायन्स, असा आमचा समज! तिथे जीवशास्त्राला कित्येक महिने शिक्षक नव्हते. प्रयोगशाळेचे कुलूप निघे ते परीक्षेपुरते. पोर रात्र रात्र एकटी पुस्तक घेऊन बसे. प्रवेशपरीक्षेत मागे पडली. मला एका शब्दाने बोलली नाही. तेच मला अधिक लागले.

धाकटीच्या वेळी मी आधी चौकशी केली. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा म्हणजे नीट. ती ७२० गुणांची. त्यांतले ३६० एकट्या जीवशास्त्राचे, उरलेले भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे. बारावीलाही हे तिन्ही विषय आणि इंग्रजी हवेच.

मग मी स्वतः कॉलेजे पाहायला गेले. प्रत्येक विषयाला शिक्षक आहेत का, तास नियमित होतात का आणि प्रयोगशाळा दाखवता का, एवढेच विचारले. एका ठिकाणी कारकून हसले, "बाई, तुम्हांला त्यात काय कळणार?" मी म्हटले, "दादा, तांदूळ घेतानासुद्धा मी मूठभर हातावर घेऊन पाहते. इथे तर पोरीची दोन वर्षे द्यायची आहेत." बाहेर येऊन बारावीच्या मुलींना विचारले. खरे उत्तर त्यांच्याकडूनच मिळाले.

आपल्याकडे मुलासाठी लातूर-कोट्याची नावे निघतात, शेत गहाण पडते. मुलीला मात्र जवळचे कोणतेही चालते. दोन्ही चूक. नाव नको, घरचे अंतर नको, आधी शिकवणे पाहा. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावीतच करून ठेवा. ऐनवेळी धावपळ झाली की मिळालेली जागाही हातची जाते.

ज्या सुरतेला आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो, त्याच सुरतेत डॉ. रखमाबाईंनी वर्षानुवर्षे बायकांना औषधपाणी केले. डॉक्टरकी शिकायला त्यांना समुद्र ओलांडून लंडनला जावे लागले होते. आपल्या नंदुरबारात २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईला आपल्या बोलीत दुखणे सांगता येईल अशी डॉक्टरीण आपल्याच घरांतून निघायला हवी.

धाकटी यंदा बारावीला आहे. पुढचे तिच्या कष्टांवर. पण या वेळी आईने डोळे झाकून दार निवडले, असे तिला म्हणता येणार नाही.